तीन तास जेवत बसलो, त्याबद्दल

नमस्कार.

नाताळच्या सुट्टीत आम्ही चार मैत्रिणी ठाण्यात इटालियन जेवायला गेलो, त्यावर मी लिहिलं होतं. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचे आक्षेप थोडक्यात देते. मैद्याच्या शेवयांना टोमॅटोचा रस्सा लावून माणशी हजार-बाराशे उकळतात, तेवढ्यात ठाण्याच्या मामलेदार मिसळीच्या दुकानात अख्ख्या कुटुंबाची मिसळ होते. सण आपला नाही, जेवण आपलं नाही, ठाण्याचा आणि इटलीचा संबंध काय? बायकांना गप्पाच मारायच्या होत्या तर कुणाच्या तरी घरी जमायचं, तीन तास हॉटेलात कशाला? आणि शेवटी, ही जाहिरात आहे का?

घरी का नाही, इथून सुरुवात करते, कारण माझ्या दृष्टीने खरा मुद्दा तोच आहे.

आम्ही कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. दोघी ठाण्यात, एक डोंबिवलीला, एक ऐरोलीला. घरी आम्ही भेटतोच. हळदीकुंकवाला, बारशाला, कुणी आजारी असलं की. पण घरी भेटलो की आमच्यातली एक सतत उभी असते. तिचं अर्धं लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे, अर्धं सासऱ्यांच्या पथ्याच्या ताटाकडे. बाकीच्या तिघी ‘अगं, बस ना’ म्हणत राहतात आणि थोड्या वेळाने त्याही उठून पोळ्या लाटायला लागतात. ‘तुम्ही सुरू करा, मी मागून बसते’ हे आपल्या घरांत बाई इतक्या सवयीने म्हणते की ते कुणाला ऐकूही येत नाही. माझ्या आईला तव्यावरची गरम पोळी पानात पडून खाताना मी क्वचितच पाहिलंय. आमच्या पिढीत गोष्टी बऱ्याच बदलल्या, पण पाहुणे आले की अजूनही तेच होतं.

त्या दुपारी चौघींच्या पुढ्यात एकाच वेळी गरम जेवण आलं आणि कुणालाही उठावं लागलं नाही. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. तुम्हाला ती लहान वाटत असेल तर घरात पुढच्या वेळी पाहुणे येतील तेव्हा कोण केव्हा जेवतं, एवढंच बघा.

तीन तासांचं म्हणाल, तर मनातलं बोलणं पहिल्या तासात होत नाही. पहिला तास मुलांच्या परीक्षा, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, कुणाच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट कुठे अडकलंय यातच जातो. आमच्यातली एक नोकरी सोडायच्या विचारात आहे. आई आता तिला कधीकधी ओळखत नाही, आईला एकटं ठेवता येत नाही. हे तिने आम्हाला मुख्य जेवण संपून ताटं उचलल्यावर सांगितलं. फोनवर ती महिनाभर ‘सगळं ठीक’ म्हणत होती. बिल लवकर मागवलं असतं तर ती तेच म्हणत घरी गेली असती.

आणि हो, आम्ही कुणाची जागा अडवली नाही. मधल्या वारी साडेबारालाच गेलो होतो (दोघींचे मार्गशीर्षातले गुरुवार असतात, तो वार टाळून), अर्धी टेबलं रिकामी होती.

आता मिसळ. मामलेदारची मिसळ मलाही जीव की प्राण आहे. पण तिथे तुमच्या खुर्चीमागे पुढचं गिऱ्हाईक उभं असतं, आणि ते बरोबरच आहे. ती कढत असताना, नाकातून पाणी येत असताना खाऊन उठायची. इटालियन जेवणाची घडण वेगळी आहे. आधी थोडं तोंडात टाकायला, मग पास्ता किंवा भात, मग मासे-मटणाचा किंवा भाजीचा पदार्थ, मग गोड, एकामागून एक. आम्ही रिसोट्टो मागवला होता. तो आधी करून ठेवता येत नाही. आर्बोरियोसारखा आखूड, जाड तांदूळ परतून त्यात गरम स्टॉक (भाज्या किंवा हाडं उकळून काढलेलं पाणी) थोडाथोडा घालत हलवत राहायचं, म्हणजे तांदळातला स्टार्च सुटून तो दाटसर होतो. त्याला अठरा-वीस मिनिटं लागणारच. नाताळला इटलीत बऱ्याच घरी 24 तारखेच्या रात्री मांस वर्ज्य असतं आणि 25 तारखेला दुपारी मोठं जेवण होतं. उत्तरेतल्या बोलोन्या शहराकडे त्यात रश्शातले तोर्तेलीनी (सारण भरलेला छोटा पास्ता) हवेतच. सगळं कुटुंब दुपारभर टेबलाशी बसतं. सुट्टीतल्या दुपारी जेवायला बसायचं तर असं जेवण निवडावं, असं मला मनापासून वाटतं.

मैद्याचा आक्षेप अर्धा खरा आहे. पिझ्झाचं पीठ आणि उत्तर इटलीतला अंडं घालून केलेला ताजा पास्ता मऊ गव्हाच्या बारीक पिठाचा, म्हणजे जवळपास मैद्याचाच. पण सुका पास्ता ड्युरम नावाच्या कठीण गव्हाच्या रव्याचा असतो. इटलीत 1967 पासून तसा कायदाच आहे. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच आहे, ज्याचा बन्सी रवा तुम्ही उपम्याला आणता. आणि सांगली-साताऱ्याकडचा खपली गहू इटलीत फार्रो नावाने सूपमध्ये आणि सॅलडमध्ये घालतात. आपल्या आज्या खपलीची खीर करायच्या. या दोन्ही गव्हांवर दोन्हीकडच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या हात चालवलेत, त्यामुळे ‘आपलं नाही’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

टोमॅटोही इटलीचा नव्हे. तो सोळाव्या शतकात अमेरिका खंडातून युरोपात पोचला, आणि टोमॅटोच्या सॉसची कृती इटालियन पुस्तकात छापून आली ती 1690 च्या दशकात, नेपल्समध्ये. तुमच्या-माझ्या मिसळीतली मिरचीही त्याच खंडातली, पोर्तुगीजांबरोबर आलेली. पावही त्यांच्यामुळेच आला. मिसळ आपली आहे, कारण आपण ती आपलीशी केली. बाहेरून आलेल्या गोष्टीचं घर होतं ते असंच, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

सणाबद्दल मात्र मला वाईट वाटलं. आमची ऐरोलीची मैत्रीण मूळची वसईची, ख्रिस्ती. तिच्या माहेरी सामवेदी बोली बोलतात. नाताळात ती आम्हाला नेवऱ्या आणि कुलकुलचा डबा देते, दिवाळीत आमचा फराळ तिच्याकडे जातो. ‘आपला सण नाही’ यातल्या ‘आपल्या’मध्ये ती येत नाही का? ठाण्यातच तलावपाळीजवळचं सेंट जॉन चर्च पोर्तुगीज काळापासून उभं आहे. आणि ठाणे-इटली संबंध विचारता म्हणून सांगते, व्हेनिसच्या मार्को पोलोने तेराव्या शतकातल्या आपल्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्याबद्दल लिहिलंय, इथल्या कातड्याच्या आणि सुती कापडाच्या व्यापाराबद्दल. 1320 च्या दशकात पोर्देनोनेचा ओडोरिक हा इटालियन धर्मगुरू ठाण्यात येऊन गेला आणि त्यानेही या गावाबद्दल लिहून ठेवलं. बंदर असलेल्या गावाला परकं कोण, हे इतक्या सहज ठरवता येत नाही.

पैशांचा मुद्दा मी टाळणार नाही. माणशी बाराशे ही रक्कम लहान नाही. आमच्यातल्या दोघींसाठी तर वर्षातून एकदाच करायचा खर्च आहे, आणि त्यांनी तो विचार करून केला. परवडत नसेल तिथे चौघींनी उपवन तलावाच्या काठावर डबे घेऊन बसावं, मी आनंदाने येईन. फक्त डबे आदल्या रात्री एकटीने बनवलेले नसावेत.

राहिली जाहिरात. हॉटेलचं नाव मी मुद्दाम लिहिलं नव्हतं, आताही लिहीत नाही. बिल आम्ही चौघींनी वाटून भरलं. तुम्ही कधी घरच्यांना घेऊन अशा ठिकाणी गेलात, तर तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पदार्थ एकामागून एक आणायला आधीच सांगा, नाहीतर सगळं एकदम टेबलावर येतं आणि निम्मं गार होतं. रिसोट्टो आल्याआल्या खा, थांबलात की तो घट्ट बसतो. आणि घरी कडक शाकाहारी कुणी असेल तर चीजबद्दल विचारा. अस्सल पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेट या द्रव्याने विरजलेलं असतं. आम्ही विचारलं तेव्हा वेटरने आत जाऊन पाकीटच आणून दाखवलं. त्यांच्याकडचं चीज भारतातच तयार झालेलं, वनस्पतिजन्य रेनेटचं होतं. मग आमच्या शाकाहारी मैत्रिणीने निर्धास्तपणे वरून आणखी किसून घ्यायला सांगितलं.