नेत्रावळीचे धबधबे: जुलैपेक्षा सप्टेंबरअखेर बरा

एका लेखात गोव्याच्या सांगे तालुक्यात, नेत्रावळी अभयारण्यातल्या सावरी आणि मैनापी धबधब्यांसाठी जुलै उत्तम म्हटलंय, ते पटलं नाही. 2023 च्या जुलैत मैनापीला दोघे बुडाले आणि वन खात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी घातली. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये जा. पाणी भरपूर असतं, ओहोळ ओलांडता येतात. निघण्यापूर्वी नेत्रावळीच्या वन कार्यालयात प्रवेश चालू आहे का ते विचारा.

ऊन पडलंय म्हणून निर्धास्त राहू नका. वर घाटमाथ्यावर सर आली की खाली लोंढा यायला फार वेळ लागत नाही. पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज वाढला की सामान गोळा करत बसू नका, लगेच वर चढा. ओहोळात पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरूच नये. ओलांडताना सॅकचा कमरपट्टा सोडलेला हवा, पाय घसरला तर सॅक झटकन टाकता येते.

धार पडते तिथे पोहणं नकोच. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्याला अंग पेलत नाही. चांगला पोहणाराही खाली जातो.

जळवा असतातच. मोजे पँटवर ओढून घ्या. चिकटली तर मीठ न टाकता नखाने तोंडाकडून सरकवून काढा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिची लाळ ते गोठू देत नाही. स्वच्छ कापड दाबून धरा. आणि तीनच्या आत परत फिरा, दाट झाडीत अंधार लवकर पडतो.