‘ही करमणूक आहे, शिक्षण नव्हे’ या प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पहिली-दुसरीच्या मुलांना ढकलणे आणि ओढणे कसे शिकवावे, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी लक्षपूर्वक वाचली. ‘ढकलले किंवा ओढले की वस्तू हलते’ या वाक्याने मी न्यूटनच्या पहिल्या नियमाच्या (बाहेरचे बल लागले नाही, तर स्थिर वस्तू स्थिर आणि चालती वस्तू त्याच गतीने सरळ चालत राहते) विरुद्धची समजूत मुलांच्या मनात पेरतो, घर्षण व चुंबक वगळतो, छायाचित्रही धूसर देतो आणि एकूण ‘ही करमणूक आहे, शिक्षण नव्हे’, असे आपले म्हणणे आहे. छायाचित्र धूसर होते हे मान्य. ते बदलले आहे.

मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही, परंतु स्वतःचे नाव न देता, वर्गात मुले दंगा करतात एवढ्यावरून एखाद्याच्या कामाला करमणूक ठरवणे ही कोणत्या चर्चेची रीत आहे? सात वर्षांचे मूल बाक ढकलताना ओरडणारच. ते गप्प बसले असते, तर आपण त्याला शिस्त म्हटले असते, असे मला वाटते.

आता त्या वाक्याविषयी. गती टिकवायला सतत बल लावावे लागते, ही समजूत मी पेरत नाही. घर्षण सर्वत्र असल्यामुळे मूल ती घरूनच घेऊन येते. ॲरिस्टॉटलची धारणाही तशीच होती आणि न्यूटनचा ग्रंथ १६८७ साली आला, तोवर ती सुमारे दोन हजार वर्षे विद्वानांत वजन राखून होती. ती माझ्या एका वाक्याने निर्माण होत नाही आणि आपल्या एका प्रतिक्रियेने जाणारही नाही. शिवाय त्याच वाक्याच्या पुढे, बलाने वस्तू थांबते, दिशा बदलते आणि आकारही बदलतो, असे मी लिहिले आहे. ते आपण वाचले असावे, अशी माझी अपेक्षा होती. घरंगळत येणारा चेंडू तळहाताने अडवणे हेही ढकलणेच आहे, हे मुलांच्या पटकन लक्षात येते. दोघांनी समोरासमोरून सारख्याच जोराने ढकललेला बाक जागचा हलत नाही, तरी दोघांचेही दंड दुखतात, हेही त्यांना कळते. ‘बल आहे, पण हालचाल नाही’ हे वाक्य त्यानंतर फळ्यावर लिहिण्याची गरजच उरत नाही.

आपण पहिल्या नियमाचे नाव घेतले म्हणून सांगतो, तो मला पुस्तकाआधी मागावर दिसला. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात हातमागावर विणत. ते दोरीला झटका देऊन ओढत, पेटीतला ठोकळा धोट्याला, म्हणजे आडवा धागा वाहून नेणाऱ्या साधनाला, ढकले आणि पुढे कोणाचाही हात नसताना धोटा उभ्या धाग्यांमधून पलीकडच्या पेटीपर्यंत जाई. तिथे त्याला अडवावेच लागे. ढकलणे संपल्यावरही धोटा का जातो, हा प्रश्न मी आजही वर्गात विचारतो, आणि ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात ती मुलेही हाताच्या खुणांनी त्याचे उत्तर देतात. याला आपण करमणूक म्हणत असाल, तर माझे संपूर्ण बालपण करमणुकीत गेले, असेच म्हणावे लागेल.

घर्षणाचा पाठ मी खडबडीत फरशी आणि तेलकट पाट घेऊन वेगळा घेतो. एका लेखात सर्व काही येत नसते. चुंबकावरचा लेख तिसरीच्या वर्गासाठी आधीच लिहून तयार आहे. तो आपल्या सूचनेवरून लिहिलेला नाही, एवढी नोंद आपण घ्यावी.