शंभर पेसोंची जांभळी नोट

भाच्याच्या नोटांच्या अल्बममध्ये परवा अर्जेंटिनाची शंभर पेसोंची नोट दिसली. पुढे जनरल रोका, मागे घोडदळ. "मामा, हे कुठलं युद्ध?" म्हणाला. युद्ध कसलं रे, जमिनीचा सौदा होता.

सरकारी नाव होतं 'वाळवंटाची मोहीम'. प्रत्यक्षात पाम्पातलं गवताळ रान आणि त्याखालचा पातागोनिया. मापुचे, रांकेल, तेवेल्चे हे मूळ रहिवासी तिथे पिढ्यान्‌पिढ्या गुरं-घोडी राखून होते, अँडीज ओलांडून चिलीशी व्यापार करत होते. पण कागदावर एकदा 'ओसाड' लिहिलं की माणसं दिसेनाशी होतात. आपल्याकडे गायरानाला 'पडीक' म्हणणारे काय वेगळं करतात?

मला खरा राग आहे तो ९४७ क्रमांकाच्या कायद्याचा. ऑक्टोबर १८७८. मोहिमेच्या खर्चासाठी ४०० पेसोंचा एक असे ४,००० रोखे काढले आणि एका रोख्यामागे २,५०० हेक्टर जमीन कबूल केली. म्हणजे एक कोटी हेक्टर! सैन्य निघालं त्यानंतर, एप्रिल १८७९ मध्ये. बाजारात तुरी म्हणावं, तर तुरी दुसऱ्याच्या शेतातल्या. हाती रेमिंग्टन रायफली, मागे तारायंत्र. मे महिन्यात मोहिमेचा सेनापती रोका रिओ नेग्रो नदीच्या काठी पोहोचला आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष झाला. पकडलेल्या बायका-मुलं ब्युनोस आयरेसच्या घरांत कामाला वाटून टाकली. तशा सूचना पेपरात छापून येत.

"तेव्हा सगळेच असं करत," हे कमेंटमध्ये येणारच. तेव्हाही तिथल्याच वर्तमानपत्रांत या कत्तलींवर टीका झाली होती, एवढं सांगून ठेवतो.

या मूळ रहिवाशांचा इनाकायल नावाचा एक प्रमुख होता. फ्रान्सिस्को मोरेनो हा संशोधक पातागोनियात हिंडत असताना इनाकायलने त्याला आपल्या वस्तीत ठेवून घेतलं होतं. १८८४ मध्ये इनाकायल शरण आला, कैदेत पडला. मोरेनोने त्याला तिथून सोडवलं आणि नेलं कुठे, तर ला प्लाताच्या आपल्या संग्रहालयात. १८८८ मध्ये तो तिथेच वारला. माणूस गेला, पण सुटला नाही. हाडं संग्रहालयाने ठेवून घेतली.

१९९४ मध्ये ती चुबुत प्रांतातल्या तेकाला, त्याच्या लोकांकडे परत गेली. मेंदू आणि टाळूची कातडी मात्र संग्रहालयातच राहिली होती. ती पोहोचली २०१४ मध्ये.