प्रेशर वाढवल्याने फिनिश येत नाही

गॅरेजवाल्यांच्या आणि फर्निचर कारागिरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर स्प्रे गनने रंग मारण्याबद्दल एक मेसेज फिरत असतो. थोडक्यात तो असा: हवेचे प्रेशर जितके जास्त तितके फिनिश गुळगुळीत, थिनर सढळ घाला, कुठलेही चालते, काम संपले की गन रात्रभर थिनरच्या डब्यात बुडवा, हवेतले पाणी वेगळे करणारा सेपरेटर असेल तर कॉम्प्रेसरच्या टाकीचे पाणी महिन्यातून एकदा काढले तरी पुरे, आणि नाकाला ओला रुमाल बांधा. पाचही सल्ले कष्ट वाचवणारे, म्हणून पटकन पुढे जातात.

आधी प्रेशर. रंगाचे बारीक कण व्हायला हवा लागते हे खरे. पण कण पुरेसे बारीक झाले की त्यावरची हवा रंग नुसता उडवते. साध्या कन्व्हेन्शनल गनला ४० ते ५० पीएसआय (प्रेशरचे एकक) पुरतात. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी प्रेशर) गनच्या एअर कॅपपाशी, म्हणजे तोंडावरच्या हवा सोडणाऱ्या टोपीपाशी, १० पीएसआयच्या वर जायचेच नाही; त्यासाठी हँडलपाशी बहुतेक गनना २५ ते ३० लागतात, नेमका आकडा गनसोबतच्या कागदावर असतो. त्यापुढे गेलात की थिनर वाटेतच उडते, कण अर्धवट सुकून पत्र्यावर बसतात आणि हात फिरवला की खरखर लागते. फॅन, म्हणजे गनमधून निघणारा रंगाचा पंखा, तोही मधून फाटतो: दोन टोकांना रंग दाट, मध्ये विरळ.

मग ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत थर, का येतो? बहुतेक वेळा रंग जाड असतो, गन लांब धरलेली असते किंवा हवा कमी पडते. हवा कमी म्हणजे प्रेशर नव्हे, प्रमाण. पूर्ण आकाराच्या एचव्हीएलपी गनला मिनिटाला ८ ते १४ घनफूट हवा लागते, तर एक एचपीचा कॉम्प्रेसर ४ च्या आसपास देतो. अर्धा दरवाजा मारून होईपर्यंत काटा खाली येतो. तिथे रेग्युलेटर कितीही पिळा, टाकीत नसलेली हवा गनला मिळणार नाही. लहान नोझलची (रंग बाहेर सोडणाऱ्या तोटीची), कमी हवा खाणारी गन घ्या, नाहीतर कॉम्प्रेसर मोठा घ्या. नळी ६ ऐवजी ८ किंवा १० मिमीची वापरा. बारीक लांब नळीत १०-१५ पीएसआय सहज जातात. म्हणूनच कॉम्प्रेसरवरचा काटा पाहून सेटिंग करू नये. गनच्या बुडाशी गेज लावा आणि ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना वाचा. कमी प्रेशरपासून सुरुवात करून कागदावर फॅन मारत दोन-दोन पीएसआय चढवा. फॅन टोकापर्यंत सारखा दिसला की थांबा.

थिनर ‘सढळ’ हे माप नाही. बी-४ कप (बुडाला भोक असलेला, रंगाचा पातळपणा मोजायचा कप) भोकावर बोट धरून रंगाने भरा, बोट काढा, धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा. कारच्या टॉपकोटला (सर्वांत वरच्या थराला) १.३-१.४ मिमी नोझलवर साधारण १८ ते २२ सेकंद येतात. शेवटचा शब्द डब्यावरच्या सूचनेचा. आणि ‘कुठलेही चालते’ हे तर साफ चूक. एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाच्या थिनरमध्ये बहुधा अल्कोहोल असते. ते पीयू (पॉलियुरेथेन) रंगात मिसळायच्या, रंग कडक करणाऱ्या हार्डनरशी प्रक्रिया करून त्याचा काही भाग खाऊन टाकते, मग थर मऊ राहतो आणि चमक मरते.

गन बुडवून ठेवण्याचा सल्ला सर्वांत महागात पडतो. नीडलची (नोझलचे भोक उघड-बंद करणाऱ्या सुईची) पॅकिंग आणि गास्केट थिनरमध्ये फुगतात किंवा कडक होतात, वंगण धुऊन जाते, आणि विरघळलेला रंग हवेच्या वाटांत शिरून तिथेच सुकतो. पॅकिंगमधून हवा ओढली गेली की गन थुंकायला लागते. कप रिकामा करा, थोडे थिनर घालून स्वच्छ निघेपर्यंत मारा. मग आधी नीडल काढा आणि नंतरच नोझल सोडवा, नाहीतर नोझलची बैठक घासली जाते. जोडताना उलट: नोझल आधी, नीडल नंतर. थिनरमध्ये भिजवायची ती फक्त एअर कॅप आणि नोझल. भोके टूथपिकने किंवा नायलॉन ब्रशने साफ करा. तार घातली की भोक कायमचे वाकडे. फॅन चंद्रकोरीसारखा एका बाजूला झुकला तर कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. कोर उलटली तर घाण कॅपमध्ये आहे, तशीच राहिली तर नोझलमध्ये.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. ७ बारला (सुमारे १०० पीएसआय) आठ घनफूट हवा एका घनफुटात कोंबली जाते, पण वाफ धरायची ताकद मात्र एका घनफुटाचीच उरते. कोकणातल्या पावसाळी हवेत हे पाणी संध्याकाळपर्यंत टाकीच्या तळाला साचतेच. महिनाभर ठेवले तर तळाचा पत्रा आतून गंजतो, आणि पातळ झालेली टाकी प्रेशरखाली फुटू शकते. रोज काम संपल्यावर ड्रेन कॉक उघडा. सेपरेटर टाकीला चिकटवून लावला तर गरम हवेतली वाफ त्यातून तशीच पुढे जाते आणि नळीत थंड होऊन रंगात थेंब पडतात. तो सात-आठ मीटर पुढे, हवा थंड झाल्यावर लावा.

ओला रुमाल थेंब थोडे अडवेल, वाफ नाही. पीयू हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाने एकदा दम्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही झटका येतो. वासाने सावध व्हायचे म्हणाल, तर वास येईपर्यंत ते घातक प्रमाणाच्या पुढे गेलेले असते. पीयू मारताना बाहेरून हवा पुरवणारा मास्क हवा, आणि ती हवा गनच्या तेलवाल्या कॉम्प्रेसरमधून थेट घेऊ नका.