बोट सफारी ठरवताना आधी पाण्याचं बघा

पाणथळीतल्या बोट सफारीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठल्या महिन्यात जाऊ?" दुसरा, "सकाळची फेरी घेऊ की संध्याकाळची?" त्या वेळी पाणी किती असेल, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. खाडीत किंवा कांदळवनात जायचं असेल तर माझ्या मते घड्याळाआधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडावं. पहाटे साडेसहाला हौसेने निघालात आणि नेमकी पूर्ण भरती असली, तर सगळा चिखल पाण्याखाली. मग चिखलात चोच खुपसणारे पक्षी दिसणार नाहीत आणि काठावर ऊन खात पडलेली मगरही दिसणार नाही. यात नावाड्याचा दोष नसतो, न बघता बुकिंग करणाऱ्याचा असतो.

हिशोब सोपा आहे. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून पुढची भरती साधारण 12 तास 25 मिनिटांनी येते, म्हणजे आजची वेळ उद्या पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा चिखल भरपूर उघडा पडतो, पण पाण्याला ओढ जबरदस्त असते आणि ओहोटीला खाडीचे बारीक फाटे पार कोरडे होतात. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढ-उतार सगळ्यात कमी, तेव्हा बोट चालवायला सोपं, पण उघडा चिखल कमी. आणखी एक गोष्ट, छापील वेळा बहुतेक खाडीच्या मुखाजवळच्या बंदराच्या असतात. खाडीत आत गेलं की पाणी उशिरा पोचतं. किती उशिरा, हे तिथल्या नावाड्यालाच विचारा, मोबाईलमधल्या अ‍ॅपला नको.

मला पटणारी वेळ म्हणजे पाणी ओसरायला लागून तास-दीड तास झाल्यानंतरची. चिखलाची पहिली पट्टी उघडी पडते आणि भरतीभर कुठेतरी दाटीवाटीने थांबलेले पक्षी तिथे उतरायला लागतात. बोटीखाली अजून पुरेसं पाणी असतं. ओडिशातल्या भितरकनिकात थंडीच्या दिवसांत ओहोटीची वेळ आणि ऊन जुळून आलं, की खाऱ्या पाण्यातल्या मगरी काठावर पसरलेल्या दिसतात. आ वासून पडलेली मगर "चिडली आहे" असं सांगणारा गाइड भेटला तर मान डोलवा आणि सोडून द्या. तोंड उघडं ठेवणं हा डोकं जास्त तापू न देण्याचा तिचा एक मार्ग आहे.

पूर्ण भरती म्हणजे फेरी वाया गेली असंही नाही. एरवी बोट शिरत नाही अशा अरुंद फाट्यांत तेव्हाच जाता येतं. तिथे नजर वर ठेवायची, फांदीवर वेटोळं घातलेला साप, खंड्या, माकडं. म्हणूनच पूर्ण छप्पर असलेली बोट मला आवडत नाही. ऊन लागत नाही हे खरं, पण अर्धं जंगल झाकलं जातं.

भरती-ओहोटी नसलेल्या ठिकाणी ऋतूची पातळी बघायची. ब्राझीलच्या पांतानालमध्ये जुलै ते ऑक्टोबर पाणी उतरतं आणि जग्वार नदीकाठी दिसण्याची शक्यता वाढते. आफ्रिकेतल्या ओकावांगोचं गणित मात्र उलटं आहे. पाऊस पडतो अंगोलात, आणि त्याचं पाणी बोत्स्वानात पोचून पूर चढतो तो जून-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत.

आता बोट. जनावर दिसलं की नावाडी सरळ त्याच्यावर बोटीचं नाक रोखतो आणि जवळ जाऊन इंजिन खाडकन बंद करतो. दोन्ही चूक. सरळ चालून येणारी वस्तू जनावराला हल्ल्यासारखी वाटते, आणि एकसुरी आवाजापेक्षा आवाजातला अचानक बदल जास्त दचकवतो. तिरकं जावं, नाक जनावराच्या पुढच्या बाजूला ठेवून, वेग लांबूनच हळूहळू उतरवत. शक्यतो प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने यावं. मंद इंजिनावर बोट जागच्या जागी तोलून धरता येते. प्रवाहाबरोबर आलात तर थांबायला रिव्हर्स टाकावा लागतो, पंखा गाळ ढवळतो आणि लाटा काठावर आपटतात. पक्ष्यांनी खाणं थांबवून माना वर केल्या की तेवढं अंतर पुरे. चालायला लागले तर मागे व्हायचं. उडाले म्हणजे उशीर झाला.

उथळ पाण्यात इंजिनाच्या मागून पडणाऱ्या पाण्याच्या बारीक धारेवर लक्ष ठेवा. ती क्षीण झाली किंवा थांबली, तर थंडाव्यासाठी पाणी ओढणाऱ्या जाळीत बहुधा चिखल नाहीतर शेवाळ अडकलेलं असतं. तसंच रेटलं तर इंजिन तापून बंद पडतं, आणि ओहोटी सुरू असेल तर पुढच्या भरतीपर्यंत चिखलात बसावं लागतं. लाइफ जॅकेट अंगात हवं, बाकाखाली नव्हे. आणि मगर दिसली म्हणून सगळे एकाच बाजूला उभे राहिले की लहान बोट लगेच कलते.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं असलेली. 10×42 कितीही मोहात पाडत असली तरी हलत्या बोटीत ती हाताची थरथरही दहापट करते. शिवाय डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाचा झोत 8×42 मध्ये सव्वापाच मिलिमीटर, तर दुसरीत 4.2, आणि झाडीखालच्या अंधुक उजेडात हा फरक जाणवतो. कोपर बोटीच्या कठड्यावर टेकवू नका, इंजिनाची धडधड थेट दुर्बिणीत येते. सकाळी पश्चिमेचा काठ धरायला सांगा, कारण ऊन त्याच्यावर पडतं. दुपारनंतर पूर्वेचा. बोर्निओत किनाबातांगान नदीवर लांब नाकाची माकडं संध्याकाळी काठच्या झाडांवर झोपायला येतात, तिथे हे विशेष उपयोगी.

रात्रीच्या फेरीत विजेरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरा. मगरीच्या डोळ्यातून प्रकाश आला त्याच दिशेने परत जातो, त्यामुळे विजेरी कमरेजवळ धरली तर समोरचे डोळे चमकत असूनही तुम्हाला दिसत नाहीत. झोपलेल्या पक्ष्यांवर मात्र झोत नकोच. फोटोसाठी तसा हट्ट धरणाऱ्या प्रवाशाला नावाड्याने सरळ नाही म्हणावं, आणि बाकीच्यांनी तेव्हा नावाड्याची बाजू घ्यावी.