सलोख्यासाठी तरतूद किती?

माझी मावशी भिवंडीची. १९८४ च्या दंगलीचा विषय निघाला की तिची नजर आजही दाराच्या कडीकडे जाते. तेव्हा दाराला पाटा-वरवंटा लावून रात्र रात्र जागून काढली त्यांनी. त्याआधी १९७० ला गाव पेटलं होतंच.

आणि डिसेंबर १९९२? मुंबई जळत होती. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार डिसेंबर-जानेवारीत तिथे ९०० माणसं गेली. भिवंडी मात्र शांत राहिली. मावशीच्या गल्लीत त्या रात्री दोन्हीकडचे बाप्ये एकाच ओट्यावर पहाऱ्याला बसले होते.

हे आपोआप झालं नाही. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि त्यांच्यासोबत बीटवरचा पोलीस. बोलणं कशावर, तर तुंबलेलं गटार, नळावरची भांडणं, दोन घरांतली कुरबूर. अफवा आली तेव्हा खरं काय ते विचारायला ओळखीचा माणूस होता. मावशी म्हणते, "हवालदाराला आमच्या पोरांची नावं पाठ होती."

आता जगाचा हिशेब बघा. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेनुसार २०२४ मध्ये लष्करांवर २,७१८ अब्ज डॉलर खर्च झाले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनांचं २०२४-२५ चं बजेट ५.६ अब्ज. म्हणजे हजार रुपयांमागे दोन रुपये! शांतिसेनाही बहुतेक वेळा आग लागल्यावरच पोचते. आग लागूच नये म्हणून राबणाऱ्यांच्या हाती काय पडत असेल?

माझा चुलतभाऊ फौजेत आहे. त्याच्या बुटांत, जॅकेटात काटकसर करा असं मी कधीच म्हणणार नाही. पण नव्या शस्त्रखरेदीला पैसा लगेच उभा राहतो आणि सलोख्याचं काम मात्र एखाद्या भल्या अधिकाऱ्याच्या हौसेवर सोडलं जातं, याची मला चीड येते. साहेबांची बदली झाली की बैठका बंद. मावशीच्या गल्लीतली अशीच बंद पडली. २००६ मध्ये भिवंडीत पोलीस ठाण्याच्याच बांधकामावरून जमाव भडकला, पोलिसांनी गोळीबार केला, जमावाच्या हातून दोन पोलीस जिवानिशी गेले. ठाणं बांधायला पैसे होते. त्या जागेबद्दल लोकांशी आधी बसून बोलायला कुणाला नेमलं होतं?

ज्या गावात एकदा दंगल झाली, तिथे या कामासाठी दरवर्षी वेगळी तरतूद हवी. सतरंजीसाठी, चहासाठी, आणि महिन्यातून चार संध्याकाळी तिथे बसणाऱ्या हवालदारासाठी. ती बैठक त्याची ड्युटी म्हणूनच धरली जावी.