बाल्कनीवरच्या शीटवरनं पेटलेली चर्चा

"नियम म्हंजे नियम," एवढंच मास्तर म्हणाले आणि आण्णा पेटलेच. बेळगावात दुसऱ्या रेल्वे गेटजवळच्या आमच्या कट्ट्यावर काल तासभर दुसरा विषयच निघाला न्हाई.

झालंय असं की आण्णांच्या अपार्टमेंटच्या असोसिएशननं नोटीस काढलीय. बाल्कनीवर लावलेलं फायबर शीट पंधरा दिवसांत काढा, न्हाईतर रोज शंभर रुपये दंड. कारण काय तर बिल्डिंगचं एलेव्हेशन, म्हंजे बाहेरनं दिसणारं रूप, बिघडतंय. त्याच नोटिशीत खाली अजून दोन ओळी, दारावरच्या नावाच्या पाट्या सगळ्यांनी कमिटी देईल त्याच स्टीलच्या लावायच्या आणि बाल्कनीत बाहेरून दिसतील असे कपडे वाळत घालायचे न्हाईत.

आण्णा म्हणाले, "मास्तर, तुमचा फ्लॅट पूर्वेकडं. आमची बाल्कनी पश्चिमेला. बेळगावचा पाऊस वरनं पडतोय का सांगा मला, जून लागला की वाऱ्यासंगट आडवा येतोय आणि चार-चार दिवस झड थांबत न्हाई." ते खोटं न्हाई, मी स्वतः बघितलंय त्यांच्या घरात. बाल्कनीच्या दाराची लाकडी चौकट खालनं फुगलीय, दार लावायला खांदा लावून ढकलायला लागतंय, आतल्या भिंतीचा प्लास्टर हाताला पिठासारखा लागतोय आणि तिथंच लाईटचा स्विचबोर्ड. घरात ऐंशीच्या पुढची आई. मग माणूस शीट घालणार न्हाई तर काय करणार?

पण मास्तरांचंही ऐकायला पायजे, कारण ते उगीच आडवं बोलणाऱ्यातले न्हाईत, त्यांच्या बिल्डिंगच्या कमिटीत ते बरीच वर्षं आहेत. त्यांच्या वरच्या फ्लॅटवाल्यानं ग्रील बसवताना छज्जाला ड्रिलनं भोकं पाडली, बोल्ट ठोकले आणि वर नुसतं सिमेंट फासलं. पाणी त्या भोकातनं शिरून बीमच्या कडेकडेनं मास्तरांच्या स्वयंपाकघरात उतरलं, छताचा पोपडा पडला तर आतल्या गंजलेल्या सळ्या दिसायला लागल्या. दुरुस्ती कुणाच्या पैशानं, तर सगळ्यांच्या मेंटेनन्समधनं. "आज एकजण शीट घालतोय," मास्तर म्हणाले, "उद्या दुसरा निळी ताडपत्री बांधतोय, परवा तिसरा विटा लावून बाल्कनीची खोलीच करतोय. खोली केली की महानगरपालिकेच्या मंजूर प्लॅनच्या बाहेर गेलात तुम्ही, मग नोटीस सगळ्या बिल्डिंगला."

बारक्या मधेच म्हणाला, "आमचं शहापुरातलं गल्लीतलं घर बरं बाबा, पिवळा रंग मारू न्हाईतर निळा, कोण विचारत न्हाई." त्यावर वकील म्हणाले, अरे तुझी जमीन तुझी, भिंत तुझी. अपार्टमेंटमध्ये बाहेरची भिंत कुणा एकाची नसतेच.

मग वकिलांनी जे सांगितलं ते मी मुद्दाम लिहितोय, कारण फ्लॅटवाल्या निम्म्या लोकांना हे ठाऊकच न्हाई. आपल्याकडं कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा १९७२ चा. ज्या बिल्डिंगचं डीड ऑफ डिक्लरेशन, म्हंजे बिल्डिंग या कायद्याखाली आणल्याचा दस्त, करून रजिस्टर केलंय तिलाच तो लागू. त्यात फ्लॅट तुमच्या मालकीचा, पण कॉलम, बीम, मुख्य भिंती, छत, जिने हे सगळं सामाईक, त्यात प्रत्येकाचा न वाटलेला हिस्सा. बिल्डिंगच्या मजबुतीला धोका होईल किंवा किंमत कमी होईल असं काम बाकी सगळ्यांच्या संमतीशिवाय करता येत न्हाई. म्हंजे मास्तरांची बाजू कायद्यात हाय. पण त्याच कायद्यात आण्णांचीही बाजू हाय. बायलॉज, म्हंजे असोसिएशनचे आतले नियम, डिक्लरेशनला जोडलेले असतात, ते बदलायचे तर डिक्लरेशनमध्ये दुरुस्ती करून ती नोंदवायला लागते. सेक्रेटरीनं रात्री दहाला व्हॉट्सॲपवर टाकलं आणि सकाळी लिफ्टमध्ये सेलोटेपनं चिकटवलं म्हणून तो बायलॉ होत न्हाई. आणि कुणी बायलॉज मोडले तर असोसिएशननं भरपाई मागावी न्हाईतर कोर्टातनं मनाईहुकूम आणावा अशी सोय कायद्यानं ठेवलीय. "रोजचे शंभर रुपये कुठल्या कलमात लिहिलंय ते आधी विचारा," वकील म्हणाले. "आणि तुमची असोसिएशन अपार्टमेंट कायद्याखाली हाय का नुसती १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली, तेही विचारा." आण्णांना ते माहीतच नव्हतं.

बारक्याचा चुलतभाऊ टेक्सासात डॅलसजवळ राहतोय, त्याचं ऐकून तर मी गप्पच झालो. तिकडं स्वतंत्र घर असलं तरी होमओनर्स असोसिएशन असतीय, घर घेतानाच खरेदीखतासोबत तिच्या अटी मान्य कराय लागतात, बाहेरच्या भिंतीचा रंग, कुंपण, दारातलं गवत, सगळ्याला परवानगी. दंड भरला न्हाई तर घरावर बोजा चढवता येतो. पण तिकडंही लोक गप्प बसले न्हाईत, हे मला महत्त्वाचं वाटतंय. कॅलिफोर्नियात सोलरला आडकाठी करता येऊ नये म्हणून १९७८ पासून कायदा हाय. मीटरभर व्यासाच्या आतली डिश स्वतःच्या जागेत लावायला असोसिएशन मनाई करू शकत न्हाई असा नियम तिथल्या केंद्राच्या दूरसंचार आयोगानं १९९६ ला केला. घरावर राष्ट्रध्वज लावण्याचा हक्क २००६ ला मंजूर झालेल्या कायद्यानं राखला. आणि टेक्सासात २०११ ला खास कायदा झाला की घराच्या दारावर धार्मिक चिन्ह लावू द्यायचं, तेव्हा पंचवीस चौरस इंचाची मर्यादा होती, २०२१ ला तो कायदा अजून सैल केला. बारक्याच्या वहिनीनं दाराला तोरण आणि वर गणपती लावलाय, कोण काय म्हणत न्हाई.

इथं मला बोलल्याशिवाय राहवलं न्हाई. मी म्हटलं, मास्तर, शीट, ग्रील, एसीचं आउटडोअर, हे भिंतीला भोक पाडतंय, खालच्याच्या घरात पाणी घालतंय, त्याला नियम पायजेच आणि कडक पायजे. पण दारावरच्या पाटीनं कुठला बीम गळतोय? आण्णांच्या दारावर त्यांच्या वडिलांच्या हातची सागवानी पाटी हाय, मराठीत कोरलेली. आपल्या सीमाभागात मराठी-कन्नड पाटीवरनं काय काय घडलंय हे कुणी कुणाला सांगायला नको. ती पाटी काढून कमिटीची इंग्रजी स्टीलची पाटी लाव असं सांगताना माणसाला किती लागतंय याचा विचार कमिटीनं करायला नको? एकजण बाजूच्या बाकावरनं म्हणाला, आता सरकारचाच नियम हाय की पाटीत साठ टक्के कन्नड पायजे. वकिलांनी त्याला तिथंच थांबवलं. २०२४ ची ती दुरुस्ती दुकानं, हॉटेलं, दवाखाने, संस्था अशांच्या बोर्डासाठी हाय, राहत्या घराच्या दाराला तिचा संबंध न्हाई. शेजारच्या कन्नड काकांच्या दारावर कन्नड पाटी हाय, त्यांनाही ही नोटीस आलीय आणि त्यांनाही ती आवडलेली न्हाई.

कपड्यांचंही तेच. पावसाळ्यात आठ-आठ दिवस ऊन न्हाई, शाळेचा युनिफॉर्म एकच जोड, तो बाल्कनीत न्हाई वाळवायचा तर कुठं? ड्रायर घ्यायची ऐपत सगळ्यांची नसते आणि हा नियम करणाऱ्यांच्या घरात धुणं कोण वाळवतंय ते पण विचारा एकदा. कमिटीत एक बाई न्हाई. कठड्यावर ठेवलेल्या कुंड्या मात्र काढाच, तिसऱ्या मजल्यावरनं तुळशीची कुंडी खाली खेळणाऱ्या पोराच्या डोक्यात पडली तर? तुळस आत जमिनीवर ठेवा, तीही जगतीय.

मास्तरांनी हे मानलं. पाटी आणि कपडे सोडून द्या म्हणाले, पण शीटवर ते अडलेच, एकाला मुभा दिली की एलेव्हेशनची वाट लागणार म्हणून. मग आण्णाच म्हणाले, मला एकट्याला कुठं मुभा पायजे, पश्चिमेच्या सगळ्या फ्लॅटांना पाऊस लागतोय, सगळ्यांना एकच डिझाईन द्या की. उद्यमबागेत फॅब्रिकेशनवाले काय कमी हायत? एकाच मापाची लोखंडी फ्रेम, वर पारदर्शक शीट, बोल्ट मारायचे ते छज्जाच्या टोकाला न्हाई तर आतल्या बाजूला, भोकात वॉटरप्रूफिंगचं केमिकल भरून, उतार असा की पाणी खालच्याच्या बाल्कनीत पडू नये आणि बाहेरनं पेंटिंग निघालं की ज्यानं त्यानं आपल्या खर्चानं काढून द्यायचं. हे सगळं जनरल बॉडीत मांडायचं, लिहून घ्यायचं, सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. तोवर दंड थांबवायचा.

वकिलांनी तिथंच आण्णांच्या नोटिशीच्या पाठीमागं अर्जाचा मसुदा लिहिला. पहिली मागणी, डिक्लरेशन आणि बायलॉजची प्रत द्या. दुसरी, जनरल बॉडी बोलवा. मास्तरांनी वाचून एका ठिकाणी "विनंती" शब्द घातला, म्हणाले कमिटीवाला पण शेजारीच हाय, भांडून त्याच लिफ्टनं वर जायचंय.

"पण फ्रेमचा रंग कमिटी ठरवणार," मास्तर उठता उठता म्हणाले.

"ठरवा की, कुठला पण ठरवा," आण्णा म्हणाले, "फक्त मे संपायच्या आत ठरवा."